नऊ आण्यांचे घर

खात्यातून पैसे जात नाहीत याचे दुःख सहसा कुणाला होत नाही. मला ते तीन महिने होत राहिले. 2022 च्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी, कर्वेनगरमधल्या एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर बसून मी 51,000 रुपयांचा चेक लिहिला. घरमालकांनी, ज्यांना मी पहिल्या भेटीपासून काका म्हणत आलो, तो दोन्ही हातांनी घेतला, देवापुढे ठेवला, इसारपावतीवर सही केली आणि एजंटने आणलेल्या पेढ्यांतला अर्धा पेढा तोंडात टाकून उरलेला बशीत ठेवून दिला. व्यवहार ठरला, असे मी घरी येऊन आईला आणि बायकोला सांगितले. त्यानंतरच्या सोमवारपासून रोज सकाळी चहा गाळण्याआधी मी मोबाइलवर बँकेचे ॲप उघडून पाहू लागलो. आठवडा गेला, दुसरा गेला. विजेचे बिल गेले, मुलीच्या शाळेच्या बसचे पैसे गेले, घरभाडे गेले. 51,000 रुपये मात्र जागचे हलेनात. काकांनी चेक बँकेत भरलाच नव्हता.

आणि विचारायचे कसे, हे मला कळत नव्हते.

पैसे मागायला माणसे संकोचतात हे ठाऊक होते, पण आमचे पैसे तुम्ही अजून का घेतले नाहीत, हे विचारण्यासाठी शिष्टाचारात वाक्यच नाही. एजंटला सांगितले तेव्हा तो खांदे उडवून म्हणाला, "पार्टी कच्ची आहे, साहेब." एजंटच्या भाषेत विकणारा आणि घेणारा दोघेही पार्टीच असतात, दुसऱ्या कुणाशी बोलताना मीही त्याच्यासाठी पार्टीच असणार, आणि बहुधा घायकुतीला आलेली. इमारत 1988 ची, लिफ्ट नाही, गच्ची दर पावसाळ्यात गळते, आणि त्याच गल्लीतल्या दोन सोसायट्या पुनर्विकासाला गेलेल्या. तेव्हा म्हातारा बिल्डरची वाट पाहतो आहे, उद्या याच घराच्या बदल्यात मोठे घर आणि वर रोख रक्कम मिळेल म्हणून चेक दाबून बसला आहे, असे त्याचे ठाम मत होते. मला ते पटले असे म्हणवत नाही, पण सोयीचे वाटले. समोरचा लोभी ठरला की आपल्या घाईला जरा बरे बळ येते.

काका भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालेले. अडतीस वर्षे त्यांनी पुणे आणि सातारा जिल्ह्यांतल्या जमिनी मोजल्या, बांधांवरून एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे सख्खे भाऊ पाहिले, आणि दोन्ही बाजूंचा चहा न पिता पंचनामे लिहिले. पहिल्या भेटीत एजंटने "सहाशे बारा कार्पेट" असे म्हटल्यावर त्यांनी डोळे किंचित मिटून मनात काही भागाकार केला आणि म्हणाले, "म्हणजे नऊ आणे." मला उलगडा होईना, तेव्हा त्यांनी समजावून सांगितले. जुन्या मोजणीची साखळी 33 फुटांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तो गुंठा, म्हणजे 1,089 चौरस फूट. आणि रुपयासारखेच गुंठ्याचेही सोळा आणे. त्या हिशेबाने 612 फुटांचे घर नऊ आण्यांचे. "लोकांची एकरंच्या एकरं मोजली," ते म्हणाले, "आणि राहिलो नऊ आण्यांत." हे त्यांनी तक्रारीच्या सुरात म्हटले नाही, आणि अभिमानाच्याही नाही. सातबाऱ्यावरची नोंद वाचून दाखवावी तसे म्हटले.

घर विकायला त्यांनीच काढले होते. गुडघे गेले होते, तीन मजले दिवसातून एकदाच चढवत, काकू जाऊन दोन वर्षे झाली होती आणि नाशिकला दिलेली मुलगी तिकडे बोलावत होती. किंमतही त्यांनीच सांगितली, 68 लाख, आणि मी थोडी घासाघीस केल्यासारखे केल्यावर ती तशीच राहिली. मग अडचण कुठे होती? अडचण अशी कुठेच नव्हती. प्रत्येक भेटीत फक्त एक कागद नवा निघत होता. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर पहिले नाव काकूंचे. नामनिर्देशन काकांच्या नावे होते, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे त्यांनी मलाच बजावले. काकूंच्या अर्ध्या हिश्शाला वारस तिघे, नवरा, मुलगा आणि मुलगी. पुन्हा डोळे मिटून हिशेब झाला: नऊ आण्यांतले साडेचार काकांचे स्वतःचे, काकूंच्या साडेचारांतले दीड दीड प्रत्येकाचे, म्हणजे काका सहा आणे, मुलगा दीड, मुलगी दीड. "दीड आण्याची सही राहिली, तरी तुमचं खरेदीखत लंगडं," असे ते म्हणाले, आणि तेही खरेच होते. मुलगा टोरंटोत. त्याने तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन बहिणीच्या नावे मुखत्यारपत्र करायचे, ते कुरिअरने यायचे, आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथले मुद्रांक शुल्क भरायचे. माझ्या वकीलबाई काकांची यादी वाचून म्हणाल्या, की बँकेचा वकीलही इतके मागणार नाही, पण यात चूक काढता येत नाही.

चूक काढता येत नाही, हाच खरा त्रास होता. टाळाटाळ करणाऱ्या माणसावर चिडता येते. नियमावर बोट ठेवून हळू चालणाऱ्यावर चिडण्यासाठी आधी आपणच थोडे बेकायदा व्हावे लागते.

त्यात मार्च उजाडला आणि वर्तमानपत्रांत मेट्रो अधिभाराच्या बातम्या येऊ लागल्या. दोन वर्षे स्थगित ठेवलेला एक टक्का 1 एप्रिलपासून पुण्यात लागू होणार होता. मुद्रांक शुल्क सहाचे सात टक्के होणार, म्हणजे माझ्या व्यवहारावर 68,000 रुपये जास्त. दस्तावर 31 मार्चच्या आत सह्या करून शुल्क भरून टाकले, तर प्रत्यक्ष नोंदणीला पुढे चार महिन्यांची मुभा होती, आणि अर्धे पुणे त्या आठवड्यांत तेच करत होते. मी काकांकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले, माझ्या पुढ्यात कोकमाचे सरबत ठेवले आणि म्हणाले, "मुखत्यारपत्र आल्याशिवाय सही करणं बरं नव्हे." मी म्हणालो, की अडुसष्ट हजारांचा प्रश्न आहे. त्यावर ते बराच वेळ बाल्कनीकडे पाहत बसले. त्या बाल्कनीत लोखंडी जाळीला बांधलेली एक मधुमालती होती, तिच्या मुळांनी कुंडी केव्हाच फोडली होती आणि फुटलेल्या कुंडीला तारेने आवळून ठेवले होते. शेवटी ते म्हणाले, "मिसेसच्या एकटीच्या नावावर घ्या. बाईमाणसाला एक टक्का सूट आहे. गेलेला टक्का परत मिळेल." थोडे थांबून त्यांनी पुढचे कलमही सांगितले, की अशी सूट घेतली तर ते घर पंधरा वर्षे पुरुषाला विकता येत नाही, विकले तर माफ झालेले शुल्क भरावे लागते. "बरंच आहे की," ते म्हणाले. "पंधरा वर्षं कुणी विका म्हणणार नाही." (ही अट सरकारने पुढच्या वर्षी काढून टाकली, तेव्हा ती होती.)

जिना उतरताना माझ्या लक्षात आले, की मला नुकसान करणाऱ्यानेच ते भरून काढण्याची वाट दाखवली होती, आणि तरीही माझा राग जराही कमी झाला नव्हता.

या रागाचे मूळ कर्वेनगरात नव्हते, हे मला मान्य करायला वेळ लागला. मिरजेला ब्राह्मणपुरीत आमचे घर होते. बाहेरच्या भिंती दगडाच्या, आतल्या पांढऱ्या मातीच्या, मधल्या चौकात तुळस आणि पाणी तापवायचा बंब, आणि माडीवर जाणारा इतका उभा जिना की पाहुण्यांना दोराला धरून चढावे लागे. 2004 मध्ये ते विकायचे ठरले. मी पुण्यात नोकरीला होतो, चोवीस वर्षांचा होतो, आणि त्या पैशांतून माझ्यासाठी इथे काहीतरी घेऊन ठेवावे असा तो बेत होता, तो माझाच होता. गिऱ्हाईक सज्जन होते. ते घर पाहायला आले तेव्हा सोबत एक मिस्त्री होता. आई ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. मिस्त्रीने तिच्या डोक्यावरच्या तुळईवर दोनदा बोटांनी ठोकले, कान लावला आणि मालकाला म्हणाला, "सागवान हाय. पाडल्यावर निघंल चांगलं." त्याने कुणाचाही अपमान केला नव्हता. लाकूड चांगले आहे, एवढेच तो सांगत होता. आईने सूप खाली ठेवले नाही, फक्त तिचे पाखडणे थांबले. पाडल्यावर, या शब्दानंतर घरात काय बदलले ते मला तेव्हा दिसले नाही, पण त्या दिवसापासून वडील "बघू" म्हणू लागले. आधी पितृपक्ष आड आला. मग आत्याला विचारायचे राहिले होते. मग नगर भूमापनाच्या उताऱ्यावर अजून आजोबांचेच नाव असल्याचे त्यांना आठवले, जे त्यांना आयुष्यभर ठाऊक होते. मी पुण्याहून फोन करत असे, आणि एकदा, डेक्कनवरच्या एका एसटीडी बूथमध्ये, बाहेर लोक ताटकळत उभे असताना, मी त्यांना म्हणालो, "तुम्हाला विकायचंच नसेल तर तसं स्पष्ट सांगा." पलीकडून काही ऐकू आले नाही. मग त्यांनी विचारले, "पाऊस आहे का तिकडे?"

गिऱ्हाईक आठ महिने थांबले आणि मग त्यांनी सांगलीला घर घेतले. आमचे घर आणखी दोन वर्षांनी गेले, दीड लाख कमी किमतीला, आणि पाडायचे ते पाडले गेलेच. वडिलांना मी त्यावरून काही बोललो नाही. पण बोललो नाही हे त्यांना कळेल अशा रीतीने बोललो नाही.

आता तेच वाक्य काकांसाठी माझ्या जिभेवर होते, जसेच्या तसे. एप्रिल सरत आला होता. वकीलबाईंना मी विचारले, की उद्या ते फिरले तर काय. त्यांनी शांतपणे सांगितले, की इसारपावती आहे, किंमत ठरलेली आहे, तेव्हा कराराची पूर्तता करून मागण्याचा दावा लावता येतो. तीन वर्षांची मुदत असते. 2018 च्या दुरुस्तीनंतर तर अशा दाव्यात पूर्तता देणे-न देणे पूर्वीसारखे कोर्टाच्या मर्जीवर राहिलेले नाही. मला हायसे वाटले. मग त्या चष्मा काढत म्हणाल्या, "दावा तुम्ही जिंकाल. त्या घरात राहायला केव्हा जाल ते मात्र मला विचारू नका." आधी एक नोटीस तरी पाठवू या, असे मी म्हणालो आणि त्यांनी मसुदा करायला घेतला. 4 मे रोजी रिझर्व्ह बँकेने कुणाला अपेक्षा नसताना रेपो दर चार टक्क्यांवरून 4.40 केला. माझ्या कर्जाचे मंजुरीपत्र आधीच जुने होत चालले होते, त्यात हप्ताही वाढणार हे स्पष्ट झाले. अक्षय्य तृतीया आदल्याच दिवशी होऊन गेली होती. त्या मुहूर्तावर आपण नव्या घरात दूध उतू घालू, असे मी फेब्रुवारीत मुलीला सांगून बसलो होतो. आणि त्याच आठवड्यात चेकला तीन महिने पूर्ण झाले. तो आता कोरा कागद होता.

नोटिशीचा मसुदा मी आईला वाचून दाखवला. का दाखवला ते सांगता येणार नाही. बायकोला आधीच दाखवला होता आणि तिने भाषा जरा मऊ करायला सांगितली होती. आई ऐकत असताना लसूण सोलत होती. सगळे वाचून झाल्यावर तिने विचारले, "ते नाही म्हणाले आहेत का?" मी म्हटले, नाही असे कधीच म्हणाले नाहीत. "मग महिनाभर जाऊ नकोस," ती म्हणाली. "तुझ्या वडिलांकडे तो मिरजेचा माणूस दर आठवड्याला यायचा. तो यायचा, की यांचं निम्मं झालेलं मन पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं." हे ती मला अठरा वर्षांनी सांगत होती. मी विचारले, की तेव्हा का नाही सांगितलेस. लसणाची फोलपटे गोळा करत ती म्हणाली, "तू फोनवर असायचास ना."

नोटीस पाठवली नाही. मन मोठे झाले म्हणून नव्हे. आईपुढे वाचल्यावर तिच्यातले प्रत्येक वाक्य मला एसटीडी बूथमधून बोलल्यासारखे ऐकू येऊ लागले, इतकेच.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात काकांचाच फोन आला. मुखत्यारपत्र आले होते. शेवटी, जणू किरकोळ गोष्ट म्हणून, ते म्हणाले, "आणि हो, तुमच्या चेकची मुदत संपली. दुसरा आणा." मी गेलो तेव्हा ते नुकतेच वर आले होते, हातात भाजीची पिशवी, तीत कोथिंबीर आणि एक कलिंगड. न राहवून मी विचारून टाकले, की तेव्हा चेक भरला का नाहीत. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली, दम खाल्ला आणि म्हणाले, "गुडघे हो." बँक भाजीवाल्याच्या अलीकडे होती. आम्ही दोघांनीही कलिंगडाकडे पाहिले. त्यानंतर हा विषय पुन्हा निघाला नाही.

खरेदीखताचा मसुदा वाचायला काकांनी चार दिवस मागून घेतले आणि ओळन् ओळ वाचला. आपल्याकडच्या दस्तांची भाषा मला आवडू लागली ती त्यांच्यामुळे. त्यात कुणी विकत नाही आणि कुणी विकत घेत नाही. एक असतो लिहून देणार, दुसरा लिहून घेणार. जुन्या मथळ्यात कायम खूष खरेदीखत असे असे, म्हणजे विकणारा खूष आहे हे आधीच गृहीत. वकीलबाईंच्या मसुद्यात शेवटी नेहमीचे वाक्य होते: सदरचे खरेदीखत लिहून देणार यांनी राजीखुशीने, अक्कलहुशारीने व कोणाच्याही दबावास बळी न पडता लिहून दिले आहे. काकांनी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली होती. "यातलं राजी राहू द्या," ते वकीलबाईंना म्हणाले. "खुशी काढता येईल का?" वकीलबाईंना वाटले ते थट्टा करत आहेत. नंतर वाटले की नाहीत. त्यांनी समजावले, की हा ठरीव मजकूर आहे, त्यातला एक शब्द काढला तर उद्या कुणीतरी त्याचाच अर्थ लावत बसेल. काका भूमी अभिलेखातले. ठरीव मजकुराचे मोल त्यांना कुणी शिकवायला नको होते. त्यांनी खोडरबर मागून घेतले आणि आपली रेघ पुसली.

मी त्या वेळी गप्प होतो, कारण चार महिने मी नेमका कशासाठी तळमळत होतो ते मला पहिल्यांदा दिसत होते. ते राजी फेब्रुवारीतच होते. राजी नसता तर माणसाने किंमत सांगितली नसती, शेअर सर्टिफिकेट काढून दाखवले नसते, टोरंटोला मुलाच्या मागे तगादा लावला नसता. मला त्यांची खुशीही हवी होती. 68 लाखांत घर मिळत होते, ते पुरेसे वाटत नव्हते. त्यांनी मला हसत हसत घरात घ्यावे, चला एक काम झाले असे म्हणावे, चेक दुसऱ्याच दिवशी भरून मला मोकळे करावे, म्हणजे कुणाचे तरी घर आपण घेतले हा सल मागे राहू नये. हे मात्र विकाऊ नव्हते, आणि मी त्याचाही इसार दिला आहे अशा थाटात वागत होतो. तरी एक सांगायला हवे: 68,000 रुपये, वाढलेला व्याजदर आणि भाड्याच्या घराला द्यावी लागलेली मुदतवाढ हेही खरे होते. माझा राग सगळाच खोटा होता, असे म्हणण्याइतका उदार मी आजही झालेलो नाही.

नोंदणी जूनच्या शेवटी झाली. दुय्यम निबंधक कार्यालयातली गर्दी, बंद पडणारा सर्व्हर, कॅमेऱ्यापुढे मान सरळ करा म्हणणारा मुलगा आणि अंगठ्याची शाई यांबद्दल पुण्यात कुणाला काही सांगण्याची गरज नाही. सर्व्हर परत येईपर्यंत अडीच तास आम्ही बाकावर बसून होतो. बाहेर पाऊस सुरू झाला आणि काका आपणहून पानशेतबद्दल बोलू लागले. 12 जुलै 1961 ला ते दहा वर्षांचे होते, नारायण पेठेत भाड्याच्या वाड्यात राहत होते. पाणी ओसरल्यावर वडील त्यांना घेऊन गेले तेव्हा जोते आणि तीन पायऱ्या उरल्या होत्या. नुकसानीची नोंद करायला माणसे आली. मोजायला भिंतीच नव्हत्या. तेव्हा वडील चिखलातून काठी ओढत चालले, इथे स्वयंपाकघर, इथे माजघर, इथे आम्ही निजायचो, आणि मागून एक माणूस ते लिहून घेत राहिला. पुढची काही वर्षे अर्धगोल पत्र्यांच्या गोलघरात गेली. उन्हाळ्यात पत्र्याला हात लावला तर फोड यायचा. मी मोठ्या आशेने विचारले, की म्हणून तुम्ही मोजणी खात्यात गेलात का. "छे हो," ते म्हणाले. "जागा निघाल्या होत्या. एसटीतही अर्ज केला होता, पण खात्याचा कॉल आधी आला." मोह मलाही झाला होता, अजून होतो, की पुरात घर गेलेला मुलगा म्हातारपणी घर सोडायला तयार होईना, अशी सरळ गोष्ट करून टाकावी. पण त्यांनी ती होऊ दिली नाही, तर मी का करावी?

दस्तात लिहून देणार म्हणून काका, त्यांची मुलगी, आणि मुलासाठी मुखत्यार म्हणून पुन्हा तीच मुलगी. लिहून घेणार म्हणून एकटी माझी बायको. मी साक्षीदार होतो. पाच महिने तळमळलो, त्याची कागदावरची नोंद तेवढीच. दुसरा चेकही तिच्याच खात्यावरचा होता, आणि तो तिसऱ्या दिवशी वटला.

ताबा जुलैच्या अखेरीस ठरला. आदल्या संध्याकाळी काकांनी बोलावले, म्हणून मी एकटाच गेलो. सामान नाशिकला गेले होते. रिकाम्या खोल्यांत फिनाइलचा वास होता, भिंतींवर कपाटे, कॅलेंडरे आणि काकूंच्या फोटोचे फिकट चौकोन उरले होते, आणि मधुमालती जाळीवर तशीच होती. ती नेता येण्यासारखी नव्हती. काका दारातच पोलादी टेप घेऊन उभे होते. "हे टोक धरा," ते म्हणाले. चौतीस वर्षे राहून त्यांनी हे घर कधी मोजले नव्हते; बिल्डरने लिहिलेले 612 त्यांनी विश्वासाने मानले होते, आणि जन्मभर कुणाच्याही आकड्यावर विश्वास ठेवू नये हेच ज्यांचे काम, त्यांना ते आता खटकू लागले होते. दस्त नोंदवून झाला होता, त्याने कुणालाच फरक पडणार नव्हता. मी भिंतीला टोक लावून बसलो. ते टेप ओढत मागे जात, वाकताना गुडघ्याला हात लावत, आकडा मोठ्याने म्हणत आणि मग दोनदा म्हणत. बाहेरच्या खोलीनंतर आतली खोली, मग मोरी, मग स्वयंपाकघर, तिथला ओट्याखालचा कोनाडासुद्धा. आकडे लिहायला त्यांनी डायरीतून एक घडी घातलेला कागद काढला. तो माझा चेक होता, फेब्रुवारीतला. त्याच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर त्यांच्या बारीक, उभ्या अक्षरांत खोल्या एकाखाली एक उतरत गेल्या.

शेवटी ते खिडकीच्या कट्ट्यावर बसले आणि बेरीज केली. पुन्हा एकदा केली. "सहाशे सहा," ते म्हणाले. "सहा फूट कमी भरतंय. त्यांनी गिलावा करायच्या आधी मोजलं असणार." मला वाटले, आता ते पैशांचे काही बोलतील, आणि मी नको म्हणण्याची तयारीही केली. पण ते चेककडे पाहत म्हणाले, "नऊ आणे नव्हतंच की हो हे."

मग त्यांनी चेकची पुन्हा घडी घातली, डायरीत ठेवला, आणि टेप मला दिली. घरात लागेल म्हणाले.